कानाचा वाटा

त्याचं खरं नाव सरकारी कागदांवर होतं आणि तिथेच ते पडून राहिलं. सगळी वस्ती त्याला कानसेन म्हणायची. हे बारसं एका शाळामास्तरांनी केलं. मास्तर एकदा हौसेने होडीतून आले, सगळा वेळ होडीचा काठ घट्ट धरून बसले, आणि किनाऱ्याला पाय लागल्यावर म्हणाले की गाण्यातले तानसेन पुष्कळ ऐकले, पण पाण्यातला कानसेन आजच पाहिला. मास्तर पुढे बदलून गेले. त्यांचं नाव आज कुणाला आठवत नाही, पण त्यांनी चिकटवलेलं नाव काही सुटलं नाही.

नाव खोटं नव्हतं. घोळ मासा अंडी घालायला किनाऱ्याकडे येतो तेव्हा पाण्याखाली गुरगुरतो. एकटा नाही, सगळा थवा मिळून गुरगुरतो. वरून बघणाऱ्याला पाण्यापलीकडे काही दिसत नाही. पण वल्ह्याचं पातं खोल सोडलं, दांड्याचं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटून बसलं, तर शेजारच्या घरात कुणी जातं फिरवत असावं तशी घरघर लाकडातून चढत येते. हे ऐकणं सगळ्यांना जमत नाही. कानसेनच्या घरात ते आजोबांपासून चालत आलेलं होतं. आवाज कुठून येतो, थवा केवढा, थांबलाय की सरकतोय, हे सगळं तो त्या दांड्यावरून सांगायचा.

याचे नियम होते आणि ते कडक होते. वल्ह्याला कान लागला की होडीत कुणी बोलायचं नाही. ऐकणाऱ्याने हात वर केला की जाळं सोडायचं, आणि जाळं पूर्ण पाण्यात जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. नक्की का, किती लांब, असलं काही विचारायचं नाही. माणूस बोलला की मासा गप्प होतो. उलट कधी झाल्याचं ऐकिवात नाही. कानसेनच्या बापाच्या काळात एकाला नेमक्या वेळी उचकी लागली, तर त्याने नाक-तोंड दाबून धरलं आणि जाळं पडेपर्यंत तो निळा झाला, असं सांगतात. सांगणारे थोडं तिखटमीठ लावत असतील, पण त्या माणसाचा वस्तीत शेवटपर्यंत मान होता. पकड वाटताना एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा, माणशी एकेक, आणि एक कानाचा. ऐकणारा घरचा असो की परका, कानाचा वाटा आधी बाजूला निघायचा.

सगळ्या वस्तीची जातच पाण्याची. होडीत पाय ठेवण्याआधी तिच्या पुढच्या टोकाला, नाळेला, हात लावून तो कपाळाला लावायचा, घरी देवापुढे दिवा लागल्याशिवाय बायकांनी टोपली उचलायची नाही, आणि मुलगी द्यायची ती पाण्यावर जाणाऱ्याच्याच घरात. यातलं पहिलं अजून चाललं होतं. दुसरं कसंबसं चाललं होतं. तिसरं मात्र साफ बुडालं. कानसेनच्या धाकट्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला, दोन्ही ठिकाणी मुलीच्या बापाने चहा पाजला आणि पोरगा नोकरीला कुठे आहे असं विचारलं. विचारणारे दोघेही स्वतः जन्मभर होडीवर होते. एकाच्या तर हाताला दोराचे घट्टे तसेच होते, आणि त्याच हाताने त्याने कप पुढे केला.

त्यांचंही काय चुकलं म्हणा. आधी मोठ्या बोटी आल्या. त्यांच्या केबिनमध्ये पडदा असतो आणि पाण्याखालचा मासा त्या पडद्यावर ठिपक्यांसारखा दिसतो. तिथे ना वल्हं लागत ना कान. घोळ किनाऱ्याला पोचायच्या आतच त्या बोटी तो खोल पाण्यात उचलू लागल्या. कानसेनचा मोठा मुलगा अशाच एका बोटीवर गेला आणि दूरच्या बंदरात राहू लागला. फोन करायचा तेव्हा मागे इंजिन चालू असायचं, त्यामुळे बाप काय बोलतोय हे त्याला कळायचं नाही आणि तो आपला बरं बरं म्हणत राहायचा.

मग खाडीच्या तोंडाशी नवं बंदर निघालं. दगडांचे ढीग पडले, कुंपण आलं, गाळ उपसणारं मोठं जहाज येऊन उभं राहिलं ते राहिलंच. वस्तीतल्या होड्या एकेक करून वर ओढल्या गेल्या आणि त्यांच्यावर कपडे वाळू लागले. कानसेनची बायको अजून बाजारात बसत होती, पण तिच्यापुढच्या फळीवरचा मासा परक्या गाडीतून, बर्फाच्या खोक्यातून यायचा. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, घरच्या होडीचा ना गं? ती हो म्हणायची. नंतर नंतर ती कुणी विचारायच्या आतच हो म्हणू लागली. रोज घरी आल्यावर ती आधी हात धुवायची आणि मग देवापुढे उभी राहायची. तिथे ती काय बोलायची ते कानसेनला ऐकू यायचं, कारण त्याला सगळंच ऐकू यायचं.

पाण्यावर जाणारी एकच होडी उरली, ती कानसेनची. तिच्यावर तो, त्याचा मेहुणा आणि धाकटा. मेहुणा जाळ्यात अर्धा भागीदार होता आणि बोलण्यात पूर्ण. धाकटा अंगाने दणकट, स्वभावाने बापाच्या उलट, म्हणजे ऐकायचा कमी आणि विचार करायचा फार. तो मधूनमधून बंदरावर रोजंदारीला जाऊ लागला होता. कधी फाटकावर, कधी त्यांच्या छोट्या लाँचवर दोर धरायला. एकदा जेवताना त्याने सांगितलं की तिथे आता समुद्राच्या तळातून पाइप टाकलाय, पंपाने गाळ लांब नेऊन सोडतात. कानसेनने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. बंदराच्या गोष्टी घरात नकोत, असं त्याने ताटाकडे बघत सांगितलं. बायकोने दोघांनाही भात वाढला आणि विषय तिथेच संपला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बंदरवाल्यांनी धाकट्याला फाटकावर कायम घेतो म्हणून विचारलं. कायम म्हणजे कायम. मग पाण्यावर जाता येणार नव्हतं, आणि दोघा म्हाताऱ्यांच्याने ते जाळं ओढलं जाणार नव्हतं. म्हणजे होडी संपली. बाप-लेकाचं यावरून भांडण झालं नाही. भांडायला दोघांनाही येत नव्हतं. ठरलं ते असं, की यंदा घोळ यायचे दिवस तोंडावर आहेत तर तेवढे दिवस धाकट्याने होडीवर यावं. एकदा जरी जाळं भरलं तरी तो फाटकावर नाही म्हणून सांगेल. नाही भरलं तर कानसेन स्वतः होडी वर ओढून ठेवेल. धाकटा म्हणाला, ठीक. कानसेनला त्याचा आवाज नीट लागला नाही. ठीक म्हणताना माणसाच्या आवाजात जे असतं ते त्यात होतंही आणि नव्हतंही.

जाळं नवं होतं. घरात छताच्या वाशाला एक मोठा आकडा होता आणि त्याला टांगून ते महिनोन्‌महिने विणलं गेलं. कानसेन, त्याची बायको, मेहुणा, वेळ मिळेल तेव्हा धाकटा, सगळ्यांचे हात त्याला लागले होते. ते एवढं वाढलं की स्वयंपाकाच्या जागी जाताना वाकून जावं लागे. बायको म्हणायची, या घरात सून नाही आली पण सवत आली. ते जाळं होडीत घातलं त्या दिवशी ती सवयीने वाकूनच आत गेली.

पहिले काही दिवस कोरडे गेले. संध्याकाळच्या आधी निघायचं, इंजिन बंद करायचं, वल्हं सोडायचं, कान लावायचा. लाकडातून नुसतं पाण्याचं सळसळणं यायचं, लांब कुठल्या बोटीचा पंखा, बाकी काही नाही. मेहुण्याने पहिल्या दिवशी देवाला बोल लावला, दुसऱ्या दिवशी बंदराला, तिसऱ्या दिवशी कानसेनकडे नुसतं बघितलं.  धाकटा दोर गुंडाळत राहायचा.

त्या दिवशी होडी बंदराच्या बाजूला जरा जास्त वाहून गेली होती. उन्हं उतरली होती. कानसेनने कान लावला, आणि त्याच्या अंगावर काटा आला.

आवाज होता. घरघर होती, जाड, भरलेली, मधे खंड नसलेली. एवढा आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता, बापाकडूनही ऐकला नव्हता. दांडा त्याच्या कानशिलावर थरथरत होता. कुठून म्हणावं तर सगळीकडून, केवढा म्हणावं तर मोजता येईना. समुद्रातला सगळा घोळ त्या मोठ्या बोटींना चुकवून त्याच्या होडीखाली येऊन बसला होता, असंच त्याला वाटलं. त्याने हात वर केला.

तेवढ्यात त्याला मागे अर्धा शब्द ऐकू आला. 'बा' एवढाच. 'बाबा' मधला पहिला. कानसेनने डोळे उघडले आणि धाकट्याकडे असं बघितलं की उरलेलं अक्षर पोराच्या तोंडातच राहिलं. मेहुण्याने धाकट्याच्या गुडघ्यावर हात दाबला. पुढे पाण्यावर खुणेचे नारिंगी बोये एका ओळीत डुलत होते, ते कानसेननेही बघितले, पण बोये डोळ्यांचं काम, आणि तो कानाचा माणूस होता. धाकट्याने मान खाली घातली आणि जाळं सोडायला घेतलं.

जाळं पडायला लागलं की घोळ गप्प होतो. थोडा वेळ का होईना, होतोच. कानसेनने पुन्हा कान लावला तर घरघर तशीच चालू होती, कमी नाही की जास्त नाही. हे त्याच्या लक्षात आलं. लक्षात आलं नाही असं नाही. पण मनाने लगेच उत्तर काढलं की थवाच एवढा मोठा आहे, त्याला जाळ्याची काय भीती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा.

ओढायला लागले तेव्हा जाळं जड होतं. मेहुणा हसला. कित्येक वर्षांनी तो पाण्यावर हसला आणि म्हणाला की बहिणीला सांगायला हवं, बाजारात मोठी फळी घे. मग जाळं आणखी जड झालं, मग हलेनाच. तिघांनी पाय रोवले. इंजिन लावून ओढलं तेव्हा होडी एका बाजूला कलली आणि पाणी आत आलं. मग खाली कुठेतरी काहीतरी सुटलं आणि तिघेही मागे आपटले. जाळ्याचा जो तुकडा वर आला तो काळ्या चिखलाने आणि तेलाने माखलेला होता. त्यात मासा नव्हता. एक खेकडा होता, तोही मेलेला.

बंदराची लाँच आली. भोंग्यातून कुणीतरी शिव्या दिल्या नाहीत, पण शिव्या परवडल्या असत्या अशा आवाजात सांगितलं की पाइपावर जाळं टाकलंत, इथे यायला बंदी आहे, तुमच्यामुळे पंप बंद करावा लागला. भोंगेवाल्याने धाकट्याला ओळखलं आणि जरा वेळाने तो अरे, तू? एवढंच म्हणाला.  कानसेनने वल्हं उचललं, पातं पाण्यात सोडलं आणि दांडा कानाला लावला. खाली काही नव्हतं. पंप बंद होता आणि समुद्र गप्प होता.

मेहुण्याने चिखलाने माखलेला तो तुकडा पायाने त्याच्याकडे सरकवला.

"घे," तो म्हणाला. "कानाचा वाटा."

 घरी आल्यावर बायकोने आकड्याकडे बघितलं आणि त्याला एक रिकामी टोपली टांगून ठेवली, म्हणजे तिथे काहीच नाही असं दिसू नये. कानसेनने ठरल्याप्रमाणे होडी वर ओढली. धाकटा फाटकावर कायम झाला. त्याला निळा शर्ट मिळाला, डबा मिळाला, आणि महिन्याभरात चहा पाजणाऱ्या एका बापाचा निरोपही आला.

इथेच गोष्ट थांबती तर बरं झालं असतं. पण मेहुण्याचं जाळं गेलं होतं, आणि ज्याचं जाळं जातं त्याला कुणीतरी चोर लागतो. तो वस्तीत सांगू लागला की पोराला सगळं माहीत होतं. पाइप टाकला तेव्हा लाँचवर दोर कोणी धरला? बोये कशाचे हे कोणाला ठाऊक होतं? मूग गिळून बसला, कारण जाळं गेलं की होडी जाणार आणि होडी गेली की फाटक मिळणार. गुडघ्यावर आपण हात दाबला होता हे मेहुणा सोयीने विसरला. लोकांना हे पटलं. ज्यांनी आपल्या होड्यांवर कपडे वाळत घातले होते त्यांना तर फारच पटलं. धाकटा सकाळी निळा शर्ट घालून निघाला की ओट्यावरची माणसं बोलणं थांबवायची आणि तो गेल्यावर थुंकायची. निरोप पाठवणारा बापही पुन्हा काही बोलला नाही.

कानसेनने शेवटी त्याला विचारलं. वर ओढलेल्या होडीच्या आडोशाला दोघे बसले होते.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

धाकट्याने बराच वेळ वाळू हातात घेतली आणि सोडली.

"तुम्ही हात वर केला होता. तुमचा चेहरा बघितला मी. माझ्याने बोलवेना." त्याने हातातली वाळू झटकली. "आणि खरं सांगू का? मनात हेही आलं की गेलं तर गेलं, सुटलो एकदाचा. आधी काय आलं ते मला नाही सांगता येणार, बाबा. मी रोज आठवून बघतो."

 कानसेनला तो अर्धा शब्द आठवला. पोराने तोंड उघडलं होतं, त्याने डोळे वटारून ते बंद केलं होतं. नियम त्याने पाळला होता आणि पोरानेही पाळला होता, आणि सगळ्या आयुष्यात एवढा नीट पाळलेला नियम दुसरा नव्हता. पोर जितकं खोटं होतं तितकाच तोही होता. जाळं पडल्यावर घरघर थांबली नाही तेव्हाच त्याला कळलं होतं. हे त्याने धाकट्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीची माणसं ओट्यावर असताना तो तिथे गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला,

"माझे कान गेलेत. दोन वर्षं झाली, लाजेने सांगितलं नाही. त्या दिवशी मला भास झाला. पोराने हाक मारली होती, ती मला ऐकू आली नाही."

कुणीतरी मेहुण्याकडे बघितलं. हाक अर्धी का होईना, मारली होती, आणि तो शेजारीच बसला होता. नाही म्हणायला त्याला तोंड उरलं नाही. त्याने घसा खाकरला आणि हो, काहीतरी बोलला होता खरा, असं पुटपुटला. मग सगळे एकदम बोलू लागले. बहिऱ्याच्या जिवावर पाण्यात गेलात तर हेच होणार, असं एकाने सुनावलं. कानसेनने त्याच्याकडे बघून हात कानामागे नेला आणि काय म्हणतोस असं विचारलं. तेव्हा हशा पिकला आणि तो हशा धाकट्याच्या अंगावरचं सगळं धुऊन घेऊन गेला.

पण बहिरेपण एक दिवस करून भागत नाही. ते नेमाने करावं लागतं. वस्तीतल्या पोरांनी त्याला बहिरसेन नाव ठेवलं आणि ती मागून हाका मारून बघू लागली. त्याने मान वळवली नाही. बायको ओरडून बोलायची, आणि दमली की त्याच्या पाठीमागे हळू आवाजात शेजारणीला सांगायची की ज्याच्या कानावर घर चाललं तोच असा फसवत राहिला, मला एका शब्दाने बोलला नाही. तेही तो ऐकायचा आणि तोंड कोरं ठेवायचा. तिला खरं सांगावं असं त्याला पुष्कळदा वाटलं. पण ती बाजारात बसते आणि तिच्या पोटात राहायचं नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीचा बाप त्याच्या कानाशी तोंड आणून ओरडला. त्याने हसून मान डोलावली. त्याचा कान नंतर दिवसभर दुखत होता.

आता मेहुणा रोज सकाळी त्याच्या ओट्यावर येऊन बसतो. दोघांनाही दुसरं काम नाही, आणि बहिऱ्याशी बोलावं लागत नसल्यामुळे मेहुण्यालाही बरं पडतं. कानसेन त्या जाळ्याच्या उरलेल्या तुकड्यातून गिऱ्हाइकांसाठी पिशव्या विणत बसलेला असतो. आतून धाकटा डबा घेऊन बाहेर येतो. सगळी वस्ती ज्या म्हाताऱ्याशी ओरडून बोलते त्याच्या मागे तो क्षणभर थांबतो आणि बहिऱ्याला कधी ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणतो,

"येतो हं, बाबा."

मेहुणा समोर बसलेला असतो. कानसेन मान वर करत नाही. गाठ मारतो, दोरा दाताने तोडतो आणि पुढची गाठ घेतो.